ओटीवरचा नारळ

एकविसावे शतक उंबरठ्यावर येऊन उभे आहे आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात ते पहिले पाऊल आपल्याच ओटीवर टाकणार आहे, असे वाक्य चंदूने उद्घाटनाच्या भाषणासाठी पाठ केले होते. शतक ओटीपर्यंत आलेही. पण माऊसचा बाण नुसता आडवा पळत होता. वर चढायला किंवा खाली उतरायला तो तयार नव्हता.

वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून चंदूने हा कॉम्प्युटर क्लास काढला होता. कॉम्प्युटर एक, तोही सेकंडहँड. तो चालवायला लिनक्स, कारण ते एका मासिकाबरोबर सीडीवर फुकट आले होते. संध्याकाळी केशरबाई आपल्या मुलींना घेऊन क्लास बघायला येणार होती. केशरबाई जिथे मुली घालील तिथे अख्खी आळी मुली घालते, आणि नौपाड्यातल्या क्लासला एसी होता.

दुपारपासून चंदूने ओटीवर इतक्या फेऱ्या मारल्या, की त्याची आई मनुबाई आतून म्हणाली, "पोट बिघडलंय काय रं?"

"माऊस बिघडलाय, आये."

"सकाली तर बरा व्हता. मीच त्याची पूजा केली."

चंदूचे लक्ष नव्हते. त्याने काळ्या पडद्यावर जाऊन सेटिंगची फाइल उघडली, माऊसची जात बदलली, पोर्ट बदलले, परत चित्रांच्या पडद्यावर आला. बाण आडवाच. बसला, उठला, घाम पुसला, घड्याळ पाहिले आणि शेवटी डोंबिवलीच्या मधुला फोन लावला. लिनक्सबद्दल मधुला सगळे माहीत होते, म्हणजे चंदूपेक्षा एक मासिक जास्त.

"कंट्रोल, ऑल्ट, बॅकस्पेस. तिन्ही एकदम दाब," मधु म्हणाला. "सगळं बंद होऊन नव्यानं चालू होतं."

चंदूने जीव खाऊन दाबले. निम्मे खरे झाले. सगळे बंद झाले आणि लिनक्सने नाव विचारले. चंदू आपले नाव टाइप करत राहिला, एक अक्षर उमटेना. स्वतःच्या घरात त्याला स्वतःचे नाव सांगता येईना.

"मध्या, आता कीबोर्डपण गेला."

"चंद्या, तू हात लावलास की जातंच रे. नोकरी परत मिळेल का बघ."

फोन ठेवून चंदू कीबोर्डकडे बघत बसला. कंट्रोलचे बटण खाली गेले होते ते वर आलेच नव्हते. त्याच्या कडेने एक मुंगी सावकाश बाहेर आली. चंदूने बटणाला बोट लावून पाहिले. चिकट.

"आये, सकाळी नारळ कुठे फोडलास?"

"होडीला फोडतो तसाच. पुढच्या टोकाला."

"याचं पुढचं टोक कुठलं?"

"तू ज्यावर बोटं आपटतंस तेच पुढं हाय ना? नवी होडी नारलाबिगर पान्यात घालतो का आपन?"

"आणि माऊस?"

"त्याला तांदलावर बसवला. उघड्या पाटावर पूजा करतात काय?"

चंदूने माऊस उलटा केला, खालची चकती फिरवून गोळी काढली. आत, बाणाला वर-खाली नेणाऱ्या बारक्या रुळाशी तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता. हळदीसकट. त्याने तो टाचणीने काढला. मनुबाईने ताबडतोब तळहात पुढे केला.

"कचऱ्यात टाकू नको. पूजेतला हाय, खाडीत सोडते."

कंट्रोलचे बटण उचकटून, ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली धरून चंदू ते परत बसवतोय तोच केशरबाई मुलींसकट दारात. त्याने श्वास रोखून नाव टाइप केले. उमटले. माऊस पुढे ढकलला. बाण वर गेला.

मग त्याने उभे राहून एकविसाव्या शतकाचे वाक्य म्हटले. केशरबाई भाषणाकडे नव्हे, बाणाकडे बघत होती. तो वर जाताना पाहिला, खाली येताना पाहिला, मग तिने डोक्याला लावलेले फूल नीट केले.

"पोरी उद्यापासून येतील," ती म्हणाली.

 केशरबाई मुलींना घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली.

"पन चंदू, सकालच्या नारलाची एखादी वाटी उरली असंल तर दे. घरी कालवन खोलंबलंय."