झोपलेलं लाकूड उठवणारी गन

एरवी त्या सुताराच्या वर्कशॉपमध्ये बोलावूनही कुणी फिरकत नसे आणि आज तिथे उभं राहायला जागा नव्हती. गल्लीतले झाडून सगळे सुतार, दोघं पॉलिशवाले, गादीवाला, शिवाय लाकडाशी फक्त खुर्चीत बसण्यापुरता संबंध असलेला किराणावाला, सगळे माना उंचावून बघत होते. मधोमध, करवतीच्या टेबलावर चढून, एक गृहस्थ स्प्रे गन हवेत नाचवत होते. गनच्या नळीला तांब्याच्या तारेची वेटोळी होती. लोकांनी त्यांचं फवारेबाबा असं बारसंही करून टाकलं होतं आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं.

"लाकूड मेलेलं नसतं!" फवारेबाबा गरजले. "ते झोपलेलं असतं. ही गन रंग मारत नाही, लाकडाला जागं करते!"

दाराशी बाळाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या, वर्कशॉपवाल्या सुताराच्या बायकोच्या मनात आलं, जागं करून काय करायचंय त्याला, शाळेत पाठवायचंय?

बाबांनी सोबत आणलेल्या फळ्यांतली एक फिकट, निस्तेज फळी उभी केली. फुस्स! बघता बघता फळी आरशासारखी चकाकली. मग थोडं प्रवचन झालं आणि बाबांनी तिच्यावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमालाला डाग नाही. गर्दीतून "अबब!" असा आवाज निघाला. सगळ्यात मोठा किराणावाल्याचा.

"वाळलीसुद्धा! मास्क नको, मोकळी जागा नको. तांब्यातून गेलेली हवा शुद्धच होते. घरात बसून पाळणा रंगवा, लगेच बाळाला निजवा. चाटू दे खुशाल!"

सुतार वळून बायकोकडे आला. त्याचे डोळे त्या फळीसारखेच चकाकत होते.

"ऐकलंस? आपला पाळणा आजच उरकतो. आपल्या खोलीतच."

तिने बाळाला घट्ट धरलं. झाडताना धूळ उडाली तरी बाळाची छाती वाजायची. त्यात दात येत होते, त्यामुळे कच्च्या, बिनपॉलिशच्या पाळण्याचा कठडा कुरतडून कुरतडून त्यावर लाळेचे काळपट डाग मुरले होते.

"अहो, पण त्यात असतं काय? डब्यावर काही लिहिलंय का?"

"अगं, तुला टोपीतसुद्धा जंतू दिसतात. चमचा उकळतेस आणि मग ज्या भांड्यात उकळला ते भांडं उकळतेस!"

हे खरं होतं, म्हणून ती आणखीनच चिडली आणि गर्दीतून वाट काढत थेट टेबलापाशी गेली. तिथे एक वास आला, ओळखीचा. बाळाला टोचायच्या आधी नर्स दंडावर कापूस फिरवते, तो वास. स्पिरिटचा! आता स्पिरिटने लाकूड चमकतं कसं?

ती विचार करत होती तेवढ्यात बाळाने पुढे झुकून, अजून न फवारलेल्या दुसऱ्या फळीवर लाळेची धार सोडली.

"हात लावू नका, ताई! लहरी तुटतात!"

"हात कुठे लावला? लाळ गळली."

दुसऱ्याच्या घरी गेले तरी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवल्याशिवाय आत न जाणारे हे सुतार या लहरींच्या एका धाकाने सकाळपासून खिशात हात घालून उभे होते. तिची नजर मात्र लाळेवर होती. ती फळीत मुरेना. थेंब होऊन ऐटीत बसून राहिली.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "कच्चं लाकूड लाळ पितं. आपल्या कठड्याने किती प्यायलीये! मग ही फळी का पीत नाही? जरा नख मारून बघा."

"लहरी..." बाबा म्हणाले.

"तुटू देत. आमच्याकडे डिंक आहे."

गर्दी हसली. सुताराने बिचकत नख मारलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, हिला तर लाखेचं पॉलिश आहे! दमटपणाने पांढरं पडलेलं!"

"म्हणजे स्पिरिट फवारलं की..." एक पॉलिशवाला म्हणाला आणि लाजला. "की पांढरटपणा जातो. मी दर पावसाळ्यात हेच करतो की!"

"मग बोलला का नाहीस?" सुताराने विचारलं.

"चमत्कार चालू होता ना. मध्येच कसं बोलणार?"

सुताराने कच्च्या लाकडाचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. "आता हे जागं करा."

फुस्स. लाकूड ओलं झालं. थोड्या वेळाने वाळलं आणि पहिल्यासारखं कोरडं ठक्क दिसू लागलं.

"या लाकडाची श्रद्धा कमी पडली," बाबा पेटी आवरत म्हणाले.

"गाढ झोपलंय हो!" गादीवाला ओरडला. "गादी देऊ का?" त्या हशात बाबा टेबलावरून उतरले आणि दिसेनासे झाले.

सुतार ओशाळून बायकोशेजारी उभा राहिला. "पण गन तर लागणारच. कुठली घ्यावी?"

"ते तुमचं काम. पण विकणाऱ्याला विचारा ना. आपला छोटा कॉम्प्रेसर तिला पुरेल इतकी हवा देतो का? दाट पॉलिश तिच्यातून नीट निघतं का? कमी दाबाची टर्बाइनची, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी पंख्याने हवा देणारी गन असेल तर पॉलिशचं धुकं कमी उडतं म्हणतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मास्क लागेलच. आणि फवारून बघायला तुकडा आपला न्यायचा, कच्चा, त्याच्या हातचा नाही."

त्याने तसंच केलं. पाळणा मागच्या मोकळ्या जागेत, बाळापासून लांब रंगवला आणि पॉलिश पूर्ण पक्कं होऊन वासाचा मागमूसही उरला नाही तोवर तिथेच ठेवला. तोवर बाळ दोघांच्या मध्ये झोपलं आणि त्याने बापाला यथेच्छ लाथा घातल्या.

वाचणाऱ्यांनो, तांब्याची वेटोळी उद्या दुसऱ्या कुणाच्या नळीवर दिसतील. तेव्हा खिशातले हात बाहेर काढा. वस्तू चाचपा, वास घ्या, काय मिसळलंय ते विचारा, स्वतःच्या तुकड्यावर करून दाखवायला सांगा. जो हात लावू देत नाही, त्याच्याकडून पाळणाच काय, पाटही रंगवून घेऊ नका. ती हवा शेवटी आपल्या लेकरांच्या छातीत जाते.