घोंगडीतला डबा

घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव घोंगडीखाली ठरतो. दोन हात आत जातात, बोटं बोटांशी बोलतात आणि बाहेर बसलेल्या माशीलाही आकडा कळत नाही. मच्छिंद्र त्या बोटांचा राजा होता. त्यानं नुसती करंगळी दाबली तरी समोरच्या दलालाला घाम फुटायचा आणि तो घाम पुसायला गेला की दुसऱ्या हातातून बैल गेलेला असायचा, असं लोक सांगत. असा हा मच्छिंद्र त्या उन्हाळ्यात मात्र दर शुक्रवारच्या बाजारात हरत होता. आणि त्याचं खापर फुटत होतं धाकट्या भावावर, गोरक्षावर.

गोरक्षाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं भावासाठी बिनतारी यंत्र बनवलं होतं. गोरक्षानं बाजारभर हिंडून जनावराची खोड हुडकायची आणि एका डब्यात कुजबुजायची. मच्छिंद्रानं फेट्याखाली लपवलेल्या इअरफोनमधून ती दुसऱ्या डब्यावर ऐकायची. युक्ती चांगली होती, पण ते बोलणं कुठल्याही ट्रान्झिस्टरवर लागायचं. पुंजाराम दलाल मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन डोळे मिटून डुलायचा. लोकांना वाटायचं, भजन ऐकतोय.

गोरक्षानं हे सांगून बघितलं, पण मच्छिंद्राला काही पटलं नाही. बातमी दोघांतच होती आणि फुटली, म्हणजे गोरक्षानंच ती पोचवली.

"अजून येक बाजार बघतो," तो म्हणाला. "पुन्हा असं झालं तर आंगनात भित घालायची. तू तुझ्या दारानं, मी माझ्या."

ते ऐकून गोरक्ष हातातला घास ताटात ठेवून उठला. आईबापाच्या माघारी मच्छिंद्रानंच त्याला वाढवलं होतं. अंगणात भिंत म्हणजे त्याच्या लेखी छातीतच भिंत.

तो नगरला गेला. गावातल्या भीमराज मास्तरांची मुलगी प्रज्ञा तिथं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती. ती आणि गोरक्ष शाळेत एका वर्गातले.

"मॅडम, बोलनं असं दडवायचं की पुंजारामच्या बापालाबी गावू नये."

"आधी मॅडम म्हणणं बंद कर," प्रज्ञा म्हणाली. मग तिनं टेबलावरचं एक सर्किट चालू केलं. पडद्यावर एक रेघ पिसाळलेल्या खोंडासारखी धावू लागली. सारखी फिरायची, पण आपल्याच वाटेवर पुन्हा पाय ठेवायची नाही. "याला केऑस म्हणतात. दिसतो गोंधळ, पण नियमानं चालतो. तुझं बोलणं या गोंधळात हळूच मिसळायचं. ऐकणाऱ्याला नुसती खरखर. आता दुसरा डबा याचाच जुळा बनवायचा. पहिल्याचा आवाज कानावर पडला की तो तसाच्या तसा गोंधळ घालायला लागतो. आलेल्या आवाजातून हा गोंधळ वजा केला की उरतं तुझं बोलणं."

"मंजी जुळा भाऊच जुळ्याचं बोलनं वळखनार!"

"ओळखेल, पण जुळा पक्का पाहिजे. एखादा सुटा भाग कमीजास्त झाला, एक डबा तापला अन् एक गार राहिला, की दोघांचं फाटलंच. मग त्यालाही खरखरच."

गोरक्षानं जेवणखाण सोडून डबे जुळवले. शुक्रवारी मच्छिंद्राच्या हातात एक देताना त्यानं बजावलं, "दादा, उन्हात ठेवू नगं." का, ते सांगायला गेला तर मच्छिंद्र म्हणाला, "लई शानपन नगं. उन्हात न्हाई ठेवत."

सकाळी चमत्कार झाला. पुंजारामच्या ट्रान्झिस्टरवर अशी खरखर उठली की शेजारचा भजीवाला कढई बघून आला. पुंजारामनं ट्रान्झिस्टर हापटला, थोपटला, शेवटी मुडद्या म्हणून शिवी दिली. मच्छिंद्राच्या कानात मात्र गोरक्ष स्वच्छ बोलत होता. बऱ्याच दिवसांनी मच्छिंद्र भावाकडं बघून हसला.

ऊन चढलं. एका देखण्या खिलार बैलासाठी मच्छिंद्राचा सौदा रंगला. विकणाऱ्याच्या बाजूनं पुंजाराम होता. गोरक्ष पाण्याच्या हौदाजवळ गेला, तर तिथं एक गाडीवान सांगत होता, हा बैल ओझं पडलं की जुवाखालीच बसतो, मारला तरी उठत नाही.

गोरक्ष लिंबाच्या सावलीत शिरला आणि डब्यात म्हणाला, "दादा, घेऊ नगं. बसका हाय." पुन्हा म्हणाला. मग निर्धास्तपणे रसवंतीवर गेला.

परत येतो तर खिलाराच्या शिंगांवर गुलाल, आणि कासरा मच्छिंद्राच्या हातात. घोंगडीखाली दिलेला शब्द माघारी घेता येत नाही. बाजारानं थुंकलं असतं.

"दादा, म्या सांगितलं ना, बसका हाय!"

मच्छिंद्राचा चेहरा उतरला. "कवा सांगितलंस? नुसती खरखर हुती. म्हनलं, खोड न्हाई म्हनून गप हाय."

पुंजारामनं ही संधी सोडली नाही. जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "गोरक्षभाऊ, तुमी गप ऱ्हायला, लई उपकार झालं!"

"डबा कुटं हाय?" गोरक्षानं विचारलं.

मच्छिंद्रानं तो काढला. उन्हात ठेवू नको म्हटलं म्हणून त्यानं डबा सौद्याच्या लोकरी घोंगडीच्या एका टोकात गुंडाळून, काखेत धरून ठेवला होता. चैत्राच्या दुपारी तो भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. गोरक्षाचा डबा सावलीत गारच होता.

"ह्येच! तुझा तापला, माझा गार ऱ्हायला. फाटलं दोघांचं. थांब दादा, दाखवतो."

त्यानं दोन्ही डबे लिंबाखाली शेजारी शेजारी ठेवले. मच्छिंद्र बिडी न पेटवता बसून राहिला. डबा निवल्यावर गोरक्ष आपला डबा घेऊन बाजाराच्या पार टोकाला धावत गेला. त्याला दम लागला होता.

"दादा, ऐकू येतंय का? म्या कवाच दगा दिला न्हाई. तुझी आन."

लांबवर मच्छिंद्रानं मान वर केली. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता, श्वाससुद्धा. गोरक्ष हसतच माघारी पळत आला.

"आलं ना ऐकू?"

"आलं. सकाळी आलं, आता आलं." मच्छिंद्रानं कानातला इअरफोन काढला. "मंजी डबा चांगला हाय. फकस्त दुपारीच तेवढा गप बसला व्हय?"

"आरं दादा, तापला हुता! निवला म्हनून..."

"डबा निवला, गोरक्षा. माझं डोस्कं न्हाई निवलं."

मच्छिंद्रानं खिलाराचा कासरा ओढला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि वीटवाल्याची गाडी कुठं उभी असते ते विचारत पुढं गेला.