पडद्यामागचा कंदील

परक्या शब्दांच्या कोशात कार्डबाईंनी आयुष्याची एकवीस वर्षं घातली. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर अर्थ, उगम आणि खाली वापराचं एक वाक्य. संपादक सर यायचे, चहा प्यायचे, कार्डांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून जायचे. आयत्या बिळावर नागोबा! पण "पहिल्या पानावर तुमचं नाव असणारच हो बाई," असं सर दरवर्षी म्हणायचे, आणि बाई दरवर्षी खुळ्यासारखा विश्वास ठेवायच्या.

पहिल्या पानाचं प्रूफ आलं. त्यावर सरांचं नाव होतं आणि सरांच्या जावयाचं. जावयाने कोशासाठी काय केलं होतं? एकदा येऊन ऑफिसचा पंखा दुरुस्त केला होता.

"सर, माझं नाव राहिलंय."

"अहो बाई, नावाचं काय घेऊन बसलात! आपण सगळे भाषेचे हमाल."

हमाल म्हणे! अन् ओझं कुणाच्या डोक्यावर? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जागेवर येऊन त्यांनी उरलेलं एकुलतं एक कार्ड पुढे ओढलं. शब्द होता 'फँटास्मागोरिया'. मूळ ग्रीक 'फँटास्मा', म्हणजे भास. पुढच्या तुकड्याबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही. अर्थ: अंधाऱ्या खोलीत, पडद्यामागे कंदील लपवून, पडद्यावर भुतं नाचवण्याचा खेळ. वाक्याची जागा रिकामी होती. बाईंनी लिहिलं, 'कंदील पडद्यामागे जळत राहिला आणि टाळ्या मात्र भुताला मिळाल्या.'

सरांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

प्रकाशनाच्या दिवशी सर म्हणाले, "बाई, वाचून दाखवायला एखादा गमतीचा शब्द काढून द्या." बाईंनी नेमकी 'फँटास्मागोरिया'च्याच पानात खूण घातली. वाचताना तरी ह्या माणसाची जीभ अडखळू दे, चारचौघांत एकदा तरी मान खाली जाऊ दे, एवढंच त्यांना हवं होतं.

सरांनी खणखणीत आवाजात वाचलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सर लाजल्यासारखं हसले. "हे वाक्य मला एकदा सकाळी फिरताना सुचलं."

शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने बाईंना कोपराने ढोसलं. "ताई, काय लिहितात गं तुझे सर!"

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि आजूबाजूचे बघत होते म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.