सतरा कर्णधार

"सर, खो-खोच्या संघात खेळाडू किती असतात?" जीवराम क्लार्कनं हातातलं पत्र पाठीमागं धरून विचारलं.

"बारा. नऊ मैदानात, तीन बाहेर." रुपचंद देवरे सर फक्कीनं मैदानाची रेघ ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि कर्णधार?"

"एक. का?"

"मग हे वाचा."

पत्र पुण्याच्या कॉलेजचं होतं आणि इतक्या सभ्य भाषेत होतं की सरांना ते दोनदा वाचावं लागलं. आपल्या विद्यालयातून कला शाखेच्या प्रथम वर्षासाठी कु. उज्ज्वला रुपचंद देवरे आणि कु. रत्ना भिकन महाले अशा दोघींचे अर्ज आले आहेत. १९९१ साली विद्यालयाच्या खो-खो संघाचं कर्णधारपद भूषवल्याचं प्रमाणपत्र दोघींनी जोडलं आहे. दोन्हींवर आपलीच सही आहे. संघाला एकाच वेळी दोन कर्णधार होते काय, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.

"पुण्याची माणसं भोळी दिसतात, सर," जीवराम म्हणाला. "दोनच विचारले. मी आत्ता त्या सालच्या प्रती काढून बघितल्या. खेळाडू बारा आणि तुमच्या सहीचे कर्णधार सतरा."

सर मैदानावरचा माणूस. कागदाचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं आणि घोटाळा तिथंच होता. वीस वर्षांपूर्वी पोलीस भरतीला निघालेल्या एका पोराला त्यांनी पहिलं प्रमाणपत्र दिलं. पोरगा धावायचा बरा, पण शाळेसाठी कधी धावला नव्हता. त्याला नोकरी लागली, त्याची आई पेढे घेऊन आली, आणि आपल्या दोन इंच सहीनं कुणाची चूल पेटत असेल तर आपलं काय जातं, असं सरांना वाटलं. मग गावच येत गेलं. पोलीस, एसटी, रेल्वे, डी.एड. नुसतं 'खेळाडू' लिहिलं की माणूस हिरमुसायचा, म्हणून सर 'कर्णधार' लिहू लागले. प्रमाणपत्र म्हणजे सप्ताहातला प्रसाद. हात पुढं केला त्याला नाही म्हणू नये.

त्यांची उज्ज्वला मात्र खरोखरची कर्णधार होती. धुळ्याच्या जिल्हा स्पर्धेत तिनं संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. तिथं तो एका गुणानं हरला, आणि खांबाशी मारलेल्या सुराची खूण तिच्या डाव्या गुडघ्यावर अजून होती. बारावीला तिला चौऱ्याहत्तर टक्के मिळाले, तेही कला शाखेत. कला शाखेला जावं ते लग्न ठरेपर्यंत थांबलेल्या मुलींनी, असा शिरपूर तालुक्यातला त्या काळचा समज. आणि या पोरीनं वर्तमानपत्रात पुण्याच्या त्या कॉलेजबद्दल वाचलं. तिथं कला शाखेला साठच जागा. इतिहासवाल्यालाही तर्कशास्त्र आणि नाटक शिकवतात. नुसते गुण बघून घेत नाहीत, मुलाखत घेतात, छंद विचारतात. आणि खेळाडूंसाठी एक जागा राखून ठेवतात.

तेव्हापासून सरांच्या घरात प्रवेशाची शक्यता वाढवण्याचं काम सुरू झालं. शिरपूरहून आदल्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र येऊ लागलं. मुलाखतीचा सराव हेडमास्तरांनी घेतला. त्यांनी स्वतः आयुष्यात एकच मुलाखत दिली होती, तीही चुलत्याच्या संस्थेत. 'छंद' या रकान्यावर घर दोन दिवस अडून बसलं. छंद लागलेला माणूस देवऱ्यांच्या भाऊबंदांत आजवर एकच झाला होता आणि त्यापायी त्यानं तीन एकर विकलं होतं. शेवटी 'वाचन व टपाल तिकिटे जमवणे' असं लिहिलं आणि सर पोस्टात जाऊन निरनिराळी तिकिटं विकत घेऊन आले.

अर्ज उज्ज्वलानं दोन मागवले होते. दुसरा रत्नासाठी. रत्ना ही शाळेत शिपाई असलेल्या बेबाबाईची मुलगी. उज्ज्वलाचीच पुस्तकं वाचून तिला शहात्तर टक्के मिळाले होते. अर्जाची मुदत संपत आली तशी बेबाबाई एका दुपारी मैदानावर आली.

"सर, मन्ही पोरले बी एक कागद द्या ना. बठ्ठास्ले देतस."

सगळ्यांना देतात, हे खोटं नव्हतं. सरांनी खिशातलं पेन काढलं. हात सवयीनं चालतो. तो थांबला तेव्हा 'कर्णधार' लिहून झालेलं होतं.

आता खेळाडूंची ती एक जागा दोघींपैकी कुणाला, की कुणालाच नाही, हे सरांच्या खुलाशावर होतं.

हेडमास्तरांनी खोलीचं दार लावून घेतलं. "सोपं आहे. लिहा, एक पहिल्या डावाची कर्णधार होती, एक दुसऱ्या."

"असं नसतं सर खो-खोत."

"पुण्याला कुठं माहीत? आणि सतरा हा आकडा तोंडातून काढू नका. त्यात चेअरमनसाहेबांच्या दोन पुतण्या आहेत."

घरी कुंदाबाई भाकरी थापत होत्या. नवऱ्याचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांच्या तीन भाकरी झाल्या.

"खरं लिखी द्या," त्या म्हणाल्या. "जल्ममा एकदाव खरं लिखानं शे, तेबी आपला फायदानं. आखो काय पाहिजे?"

"आनि रत्नानं काय?"

"तिन्हं काय? ती खेयनी का?"

"नही."

"मंग."

उज्ज्वला उंबऱ्यात बसून होती. "आप्पा, कागदवर काय लिखेल शे ते रत्नानी वाचंबी नही. तिन्ही मायनी आणा, तिनी जोडी दिधा."

"तू सांग, काय लिखू?"

"मी काय सांगू? सही तुम्हनी शे."

एवढं बोलून ती आत गेली आणि हेडमास्तरांनी लिहून दिलेली मुलाखतीची उत्तरं मोठ्यानं पाठ करू लागली. माझं ध्येय समाजाची सेवा करणं हे आहे. माझं ध्येय समाजाची सेवा करणं हे आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी बेबाबाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. जीवरामनं तिला सगळं सांगितलं होतं. जीवरामच्या पोटात पत्र राहत नसे.

"सर, मन्ही पोरनं नाव काढी टाका. तुम्हनी नोकरीवर यावाले नको."

वीस वर्षांत कागद मागायला निम्मा तालुका आला होता. परत करायला आलेली ही पहिलीच. "बरं," सर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी कोरा कागद ओढला.

'कु. रत्ना महाले ही संघात नव्हती. तिच्या आईनं मागितलं म्हणून मी प्रमाणपत्र दिलं. मुलीला त्यातला मजकूर माहीत नव्हता, तरी दोष तिला देऊ नये. कर्णधार कु. उज्ज्वला देवरे ही होती. ती माझी मुलगी आहे. ती कर्णधार होती याला माझ्या सहीखेरीज पुरावा नाही, जिल्हा स्पर्धेला पाठवलेल्या यादीवरही सही माझीच आहे, आणि माझ्या सहीची किंमत काय, ते वरच्या मजकुरावरून आपल्या लक्षात आलंच असेल. त्या वर्षी मी एकूण सतरा कर्णधार केले.'

गावच्या पोस्टात टाकलं असतं तर पत्र पुण्याआधी गावानं वाचलं असतं. म्हणून सर शिरपूरला जाऊन ते रजिस्टर करून आले.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. कॉलेजनं सरांच्या प्रांजळपणाची नोंद घेतली होती. दोन्ही प्रमाणपत्रं विचारात घेता येणार नाहीत असं कळवलं होतं. केवळ गुणांवर दोन्ही विद्यार्थिनी यादीत बसत नव्हत्या. आपल्या विद्यालयाची क्रीडा प्रमाणपत्रं यापुढं स्वीकारली जाणार नाहीत, असंही खाली होतं. संस्थेनं सरांना मेमो दिला आणि खेळाची प्रमाणपत्रं इथून पुढं हेडमास्तरांच्या सहीनं निघतील असा ठराव केला. पुढच्याच आठवड्यात हेडमास्तरांनी कबड्डीचे दोन कर्णधार केले.

उज्ज्वलानं पत्र वाचलं, घडी घातली, आणि दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. कुंदाबाई बोलल्या, पण ते भांड्यांशी. तिसऱ्या दिवशी उज्ज्वला शिरपूरला गेली आणि तिथल्या कॉलेजचे अर्ज घेऊन आली. दोन.

ऑगस्टातली सकाळ. शिरपूरच्या गाडीच्या ड्रायव्हरला थांब्यावर थांबायची सवय नव्हती. तो थेट पुढं, नाल्यापलीकडं गाडी उभी करायचा आणि पोचेल तो आपला, असं धोरण ठेवायचा. सर शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे होते. गाडी समोरून गेली आणि थांब्यावरच्या दोन्ही मुली धावत सुटल्या.

उज्ज्वला चांगली धावली. खांदे सैल, नजर समोर, सरांनी शिकवलं होतं अगदी तशी. रत्ना आधी दोन पावलं मागं राहिली, कारण तिनं वाकून चपला काढल्या. मग एका हातात चपला आणि छातीशी वह्या धरून ती निघाली, आणि नाला यायच्या आतच उज्ज्वलाला मागं टाकून गेली. तिच्या पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता. गाडी हलली होती. रत्नानं दांडी पकडली, एक पाय पायरीवर टाकला, दुसरा रस्त्यावरच ठेवला आणि कंडक्टर काहीबाही बोलत असताना उज्ज्वला पोचेपर्यंत तशीच उभी राहिली. दोघी चढल्या. गाडी गेली.

सर गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. ही पोरगी सात वर्षं या शाळेत होती. रोज संध्याकाळी ते संघाचा सराव घ्यायचे तेव्हा ती मैदानाच्या कडेनं आईच्या बादल्या वाहायची. वाटेत येऊ नको, एवढं तिला त्यांनी बऱ्याचदा सांगितलं होतं. दुसरं काही सांगितल्याचं त्यांना आठवेना.

बेबाबाई घंटेकडं जाता जाता फाटकाशी थांबली. "सर, गाडी सापडनी का पोरीस्ले?"

"सापडनी. रत्नानी धरी ठेवी."

"हा. पयस ती."

"कवयपाईन?" ती केव्हापासून पळते, हे सर पहिल्यांदाच विचारत होते.

"धाकलपणपाईन." बेबाबाईनं पदर खोचला. "सकायले दूध पोचाडीसन शाया गाठनी पडे ना तिले."

ती गेली आणि तिनं घंटा दिली. मुलं मैदानात रांगा धरून उभी राहिली, हात सरळ, टाचा जुळलेल्या, आणि सरांच्या शिट्टीची वाट बघू लागली. सर सायकल धरून फाटकाशीच होते. रांगा वाकड्या व्हायला लागल्या तरी शिट्टी वाजली नाही.