एकवीस रांजण आणि एक तांब्या

माझ्या भाचीने स्वतः घडवून भाजलेले एकवीस रांजण कलादालनात मांडले होते. सर्वांत मोठ्याच्या तोंडाशी माइक होता, बाकीच्या वीस जणांच्या पोटात एकेक स्पीकर. मोठ्यात झालेला आवाज ते आपापल्या सुरात परत देत. माझं काम एवढंच, की तिने हात वर केला की मोठ्या रांजणात तांब्याभर पाणी बारीक धारेने ओतायचं. पहिला प्रयोग संचालकबाईंना आवडला तर रांजण महिनाभर राहणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी टेम्पोत.

"मामा, तुझ्याइतका सावकाश माणूस मला दुसरा माहीत नाही," असं म्हणून तिने मला निवडलं. ही स्तुती होती की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.

आठवडाभर मी न्हाणीघरात बादलीवर सराव केला. भाचीची आई, म्हणजे माझी ताई, दारात उभी राहून म्हणाली, की जन्मात कधी कुंडीला पाणी घातलं नाहीस, आणि आता मडक्याला घालतोयस.

प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसली. दिवे मंद झाले, सगळे गप्प झाले. ताईला शांतता सोसत नाही. कडेच्या रांजणात छत्र्या छान राहतील, असं ती शेजारणीला सांगू लागली. मी चौतीस वर्षं वाचनालयात काढली आहेत. माझ्या नकळत तोंडातून निघालं, "श्शऽऽ."

वीस रांजणांनी ते उचलून धरलं. धाकटे शिट्टीसारखे, थोरले चिडलेल्या आजोबांसारखे. खोकणाऱ्या एका गृहस्थांनी खोकला गिळला. संचालकबाईंनी हातातली पर्स गुपचूप खाली ठेवली. भाचीने हात वर केला. मी हबकून तांब्या कलता केला, तो थेट माझ्या बुटात. बूट भरत आल्याचं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

अशी शांतता या दालनात आजवर झाली नव्हती, असं संचालकबाई म्हणाल्या. पाणी राहू दे, पण ते दटावणं उद्या पुन्हा ऐकायचंय, मग महिन्याचं बघू.

आली का पंचाईत. मुद्दाम केलं की माझं 'श्श' टायरमधून हवा गेल्यासारखं येई. कुणी बोलतच नसेल तर गप्प कुणाला करायचं?

"ताई, उद्या बोलशील का गं?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी बोल म्हटलं असावं.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून संचालकबाईंशेजारी बसली आणि तिची दातखीळ बसली. एक मिनिट गेलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. भाचीचा चेहरा पडत चालला. मी ताईकडे केविलवाणं पाहिलं.

तशी ती बाईंकडे झुकली. "हा लहानपणी ना, अंधारात एकटा..."

"श्शऽऽ."

वीसच्या वीस रांजण माझ्या बाजूने उभे राहिले.