सरळ केलेलं उखळ

काचेच्या आतून बोलतेय मी, तेव्हा जरा जवळ या. मी एक दगडी उखळ. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात, मानववंशशास्त्र विभागाच्या दारातच मला चौथऱ्यावर बसवलंय. वरून दिवा सोडलाय. शेजारी पाटी आहे : ‘दगडी उखळ. मूळ ठिकाण अज्ञात.’

अज्ञात! मला माझं ठिकाण माहीत आहे. ज्या बाईंनी ही पाटी लिहिली त्यांनाही माहीत आहे. म्हणून तर बोलायला बसले.

मला मराठी कसं येतं ते पुढे कळेलच. मला बायकांनी घडवलं, बायकांनी वापरलं, म्हणून मी बाईसारखीच बोलणार.

मी ओढ्यातला एक गोटा होते. एका बाईने मला उचललं आणि दुसऱ्या कठीण दगडाने टोचून टोचून माझं पोट कोरलं. मग ओकच्या झाडाची फळं माझ्यात कुटली जाऊ लागली. त्यांचं पीठ इतकं कडू की जीभ आखडते. बायका ते ओढ्याकाठी वाळूवर पसरायच्या आणि वरून पाणी ओतत राहायच्या, कडूपणा पार निघून जाईपर्यंत. घाई केली तर पहिलाच घास थुंकावा लागे. पाणी ओतताना त्या गप्पा मारायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या.

माझी बाई गेली तेव्हा तिच्या लेकीने मला तिच्या उशाशी उपडं ठेवलं. त्या लोकांची रीतच होती ती. बाई गेली की तिचं उखळ उपडं. आता त्यात दुसऱ्या कुणी कुटायचं नाही. उपडं उखळ दिसलं की समजायचं, इथे कुणीतरी झोपलंय. पाऊल जपून टाक.

त्या लोकांचं नाव मी सांगणार नाही. सरकारने ते कधीतरी मूळनिवासींच्या यादीतून काढून टाकलं, ‘हे लोक संपले’ म्हणून. तेव्हापासून ते लोक आपण जिवंत आहोत हे सिद्ध करत फिरताहेत. ज्यांना ते नाव परत देता येत नाही, त्यांच्यासमोर मी ते कशाला उच्चारू?

माझ्यावरून पाद्री गेले, गुरं गेली. मग प्लमच्या बागा आल्या, मग बागा तोडून घरं आली. गावाचं नाव क्युपर्टिनो झालं. मी माझ्या बाईच्या उशाशी होते, मला काही फरक पडत नव्हता.

मग राजीव आणि मालिनी आले. पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले. घर घेतलं, आणि मुलांसाठी मागच्या अंगणात स्विमिंग पूल खणायला काढला.

यंत्राच्या दातांनी पहिल्यांदा मला उचललं. खोदणारा माणूस खाली उतरला, खड्ड्यात वाकून बघितलं आणि टोपी काढून उभा राहिला.

“सर, हाडं आहेत. माणसाची वाटतात. पोलिसांना फोन करायला लागेल.”

राजीव मालिनीकडे वळून मराठीत म्हणाला, “फोन केला की संपलं. काम बंद, घर पेपरात. उद्या विकायचं म्हटलं तर कोण घेणार?” मग इंग्रजीत त्या माणसाला, “पूल कॅन्सल. बुजवून टाका. वर काँक्रीट घाला, बसायला पॅटिओ करू.”

माणसाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बुजवायला लागला. हाडं आत राहिली. मी तेवढी बाहेर राहिले.

राजीवने मला बघितलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. “अगं, हे तर आपल्याकडचं उखळ! उपडं पडलं होतं बिचारं.” आणि त्याने मला सरळ केलं.

त्या ‘बिचारं’वर मी आजही चिडते.

मालिनीने मला पाइपने धुतलं, माती भरली आणि तुळस लावली. रोज सकाळी ती पाणी घालायची, कडेला हळदकुंकू लावायची आणि बोलत राहायची. मॅनेजरचा चावटपणा, धाकट्या कुशचे मार्क, सासूबाईंचे फोन. असं मी मराठी शिकले. मालिनी वाईट बाई नव्हती, आणि अडचण तीच आहे. वाईट माणसांवर रागावणं किती सोपं असतं!

त्या काँक्रीटवर गणपतीची आरती झाली, बार्बेक्यू झाले. एखादी काकू विचारायचीच, “एवढं मोठं बॅकयार्ड, आणि पूल नाही?”

“मुलांची सेफ्टी हो,” राजीव म्हणायचा आणि समोसे पुढे करायचा.

त्यांची थोरली लेक ज्ञानदा. कॉलेजात तिने कॉम्प्युटर सायन्स सोडून मानववंशशास्त्र घेतलं, तेव्हा घरात सुतक पडलं. “म्हणजे नक्की काय करणार?” राजीवने विचारलं. “माकडं?”

एका सुट्टीत ती घरी आली ती भांडणाच्याच तयारीने. पॅटिओवर चहा चालला होता.

“बाबा, आपण सेटलर आहोत. दुसऱ्यांच्या जमिनीवर बसलोय आपण.”

“मी मॉर्गेज भरतोय, बाळा. बँकेच्या जमिनीवर बसलोय.”

“गोरे लोकसुद्धा एक्झॅक्टली हेच म्हणाले होते.”

“मग जाऊ या परत पुण्याला? तिथे तुला एसीशिवाय झोप येत नाही.”

ती तडकून उठली आणि तुळशीपाशी येऊन बसली. चाळा म्हणून माझ्या कडेवरून बोट फिरवत होती. बोट थांबलं.

“आई, हे कुठून आणलंस?”

“पूल खणताना निघालं. बाबांनी सांगितलं नाही तुला?”

“कसं होतं? सरळ की उपडं?”

राजीवने कप खाली ठेवला. “उपडं. मीच सरळ केलं.”

“आणि खाली काय होतं?”

“ज्ञानदा, जेवायला चल.”

“बाबा, खाली काय होतं?”

“होती काही हाडं. जुनी.”

ती ज्या काँक्रीटवर बसली होती, तिथून दचकून उठली आणि बाजूला झाली. सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली, “तुम्ही सगळे मोठे लोक असेच! गप्प बसायचं आणि त्याला संस्कार म्हणायचं. मी तुमच्यासारखी कधीही होणार नाही. कधीही!”

त्या क्षणी माझा जीव तिच्यावर जडला, दगडाचा जडेल तितका.

तिने तुळस उपटली नाही, हे सांगायला हवं. हळूच मुळासकट काढून आईच्या हातात दिली. मग मला गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि मराठीत म्हणाली, “चल, तुला घरी नेते.”

मी तिच्या फ्लॅटवर गेले.

दुसऱ्या दिवशी ती हाडांबद्दल पोलिसांना फोन करणार होती, त्याआधी मालिनीचा आला. बाबांचं बीपी वाढलंय, थोडं थांब. ती थांबली. मग प्रबंध होऊ दे म्हणाली. प्रबंध झाला, तेव्हा नोकरी पक्की होऊ दे म्हणाली. मी फ्लॅटमधून तिच्या ऑफिसात आले, खिडकीतून कपाटावर गेले. दर वेळी ती मला उचलताना म्हणायची, “एवढं झालं की.” हळूहळू तेही म्हणेनाशी झाली.

तिचा विषय काय होता, ऐका. मूळनिवासींचा त्यांच्या मृतांवरचा हक्क. त्यावर ती इतकं सुंदर बोलायची की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. पहिल्या वर्षाच्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून ती शिकवायची, “असं उखळ उपडं सापडलं, तर ती कबर असते. सरळ करण्याआधी थांबा.” मुलं लिहून घ्यायची.

मराठी मंडळाने तिला भाषणाला बोलावलं. तिथे ती म्हणाली, “आपणही सेटलर आहोत, हे आधी कबूल करा.” काकवांनी टाळ्या वाजवल्या. “काय फाडफाड बोलते हो मालिनीची लेक!” भाषणाची फीत ऑफिसात तिने पुन्हा पुन्हा लावली, म्हणून मला माहीत.

आणि लोरेटा. माझ्या बाईच्या लोकांतली, चष्मा दोरीने गळ्यात बांधणारी, हसली की खांदे हलणारी म्हातारी. ती गाडी चालवत दूरच्या गावाहून यायची. “जमीन आमची, पण इथलं भाडं परवडत नाही,” असं हसत सांगायची. तिने ज्ञानदाला कित्येक उन्हाळे दिले, घरी ठेवून घेतलं, आजीने सांगितलेलं सगळं सांगितलं. ज्ञानदाचं पुस्तक म्हणजे निम्मी लोरेटाच आहे.

विभागातली प्रत्येक सभा एका निवेदनाने सुरू होते : ही भूमी या लोकांची आहे, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. एकदा लोरेटा मागून मोठ्याने म्हणाली, “दर वेळी सांगता, हे तुझं घर आहे म्हणून. मग किल्ली कुठंय?” सगळे हसले. पुढचा विषय सुरू झाला.

एके दिवशी ऑफिसात लोरेटाने माझ्या पोटात हात घातला. डोळे मिटून तो तिथेच ठेवला. फार फार वर्षांनी त्या लोकांचा हात माझ्यात आला होता.

“हे कुठे मिळालं?”

“जुन्या कलेक्शनमधलं आहे. डोनेशन,” ज्ञानदा म्हणाली.

“आणि कडेचा हा लाल रंग?”

“गेरू असावा.”

मालिनीचं कुंकू होतं ते!

मग ओढ्याकाठची ती सगळी घरं एका बिल्डरने घ्यायला काढली. तिथे उंच इमारती उभ्या राहणार होत्या. राजीव निवृत्त झाला होता, नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला कुशजवळ जायचं म्हणत होता. त्यानेही सौदा केला.

लोरेटाला आजीने सांगितलं होतं की त्या ओढ्याकाठी आपली माणसं पुरलेली आहेत. तिची मागणी साधी होती : यंत्र लावण्याआधी आम्हाला आमच्या माणसांना हाताने बाहेर काढू द्या, दुसरीकडे नीट ठेवू द्या. पण आजीचं बोलणं पुरावा होत नाही. पुरावा लागतो. पुरावा कपाटावर बसला होता.

लोरेटाच्या मागणीवर नगरपालिकेत सुनावणी ठरली आणि तज्ज्ञ म्हणून ज्ञानदाला बोलावलं. सुनावणीच्या आदल्या दुपारी राजीवचा फोन आला. ज्ञानदाने स्पीकरवर ठेवला.

“तू तिथे खरं सांगितलंस तर कोर्टात मला उभं करतील.”

“बाबा, ती माणसं आहेत.”

“आणि आम्ही कोण? म्हातारे झालो गं आम्ही. तुझ्या आईला ह्या वयात हे दाखवणार आहेस?”

मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, “बघते.”

लोरेटाच्या आग्रहावरून सभागृहात मला टेबलावर, मऊ फोमवर ठेवलं. समोरच्या एका नगरसेविकेने चांगला प्रश्न विचारला. “लोरेटा म्हणतात, हे उपडं सापडलं असेल तर तिथे कबर आहे. प्रोफेसर, हे कुठे सापडलं? कसं होतं?”

लोरेटा पहिल्या रांगेत बसली होती. तिने चष्मा लावला.

ज्ञानदाने माझ्याकडे बघितलं नाही. “त्याची नोंद नाही,” ती म्हणाली. “मूळ ठिकाण अज्ञात आहे. त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही.”

वाक्य निर्दोष होतं.

पॅटिओ फुटला. ट्रक भरून माती गेली, कुठे गेली कुणास ठाऊक. माझी बाई आता कुठे आहे, हे खरोखरच अज्ञात आहे.

यंदा ज्ञानदाच्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. विभागाने समारंभ केला, मला काचेत बसवलं, पाटी लावली. लोरेटाला बोलावलं होतं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तिचे आभार आहेत ना! कॅरीहून राजीव-मालिनीही आले.

पैठणी नेसलेली मालिनी दारातून आत आली आणि माझ्यासमोर थबकली. तिचे डोळे भरले.

“अगंबाई, हे तर आपलं उखळ!” मग शेजारी उभ्या असलेल्या बाईला, कौतुकाने, इंग्रजीत, “हे आमच्या बॅकयार्डमधलं. माझी तुळस होती ह्यात. होली प्लांट. रोज पूजा करायची मी. हे बघा, माझं कुंकू अजून आहे!”

ती बाई लोरेटा होती.

लोरेटाने शांतपणे विचारलं, “तुम्हाला मिळालं तेव्हा उपडं होतं?”

“हो, उपडंच होतं. आमच्या ह्यांनी सरळ केलं.”

लोरेटाने ज्ञानदाकडे बघितलं. ज्ञानदाच्या हातात पुरस्काराचं काचेचं स्मृतिचिन्ह होतं. पॅटिओवर ती ओरडली होती तेव्हाचं तिचं तोंड मला आठवलं. या तोंडात तेव्हाचं काही उरलं नव्हतं.

“पेटी उघड,” लोरेटा म्हणाली.

“लोरेटा, कमिटीची परवानगी लागते. प्रोसेस आहे. मी स्वतः अर्ज करीन.”

लोरेटाने काचेवर तळहात ठेवला. मग चष्मा काढून गळ्यात सोडला आणि भरल्या गर्दीतून चालत बाहेर गेली. तिला अडवायला कुणी गेलं नाही. तेवढ्यात माइकवर ते निवेदन सुरू झालं होतं, ही भूमी या लोकांची आहे.

राजीव समोशांच्या टेबलापाशी उभा राहून छताकडे बघत होता. मालिनी कावरीबावरी झाली. “मी काही चुकीचं बोलले का गं?”

“नाही आई,” ज्ञानदा म्हणाली. “जेवायला चल.”

लोरेटा त्यानंतर आलेली नाही. अर्ज कुठल्याशा कमिटीपुढे आहे म्हणे. दिवा रात्रंदिवस माझ्या रिकाम्या पोटात पडतो. मुलं येतात, पाटी वाचतात, फोटो काढतात. ज्ञानदाबाई रोज सकाळी माझ्यासमोरून जातात, फोनमध्ये बघत.

कडू पीठ धुणाऱ्या त्या बायका मला फार आठवतात. वाळूवर बसून, गप्पा मारत, न कंटाळता पाणी ओतणाऱ्या. माझ्या पोटातलं कडू कुणी धुवायला घेईल, अशी आशा मी सोडली आहे.

मला घरी न्या, असंही म्हणत नाही. घर ट्रकने गेलं.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती ही पेटी उघडण्याचा अधिकार कधी आलाच, तर एवढंच करा. पाटी वाचू नका. कमिटीला विचारू नका. दोन्ही हातांनी मला धरा आणि उपडं ठेवा.