पाठराखीण आणि मी

मित्रांनो, समुद्राचं पाणी मला कधी लागलं नाही; तरी मी एक जुनी विमानवाहू नौका आहे. वीतभर लांबीची, लाकडाची. निळ्या पटावरच्या युद्धाच्या खेळात मी लढते. आधी एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. आपली चाल संपली की मुकाट्याने वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात माझा जीव नुसता टांगणीला लागतो.

मला एका सुतारमामाने मोडक्या दाराच्या फळीतून घडवलं. माझ्या पाठीवर त्याने पत्र्याची चिमुकली विमानं ठेवली. उरलेल्या तुकड्यातून बोटाएवढी पहारेकरी होडी केली. "ही तुझी पाठराखीण बरं का," तो म्हणाला.

मामाचा प्रतिस्पर्धी होता त्याचा जुना मित्र, घड्याळं दुरुस्त करणारा. बुडालेली नौका बुडवणाऱ्याची, असा मामानेच नियम केला होता. घड्याळवाला जिंकलेल्या नौकांना गिरमिटाने भोक पाडून दुकानात माळेत ओवायचा. म्हणून सगळे त्याला गिरमिटकाका म्हणत. ती किर्र किर्र ऐकली की माझं लाकूड शहारायचं. पण मामाने मला कधी बुडू दिलं नाही. सगळे माझी वाहवा करत.

पुढे मामाचे हात थरथरू लागले आणि त्याची भाची खेळू लागली. ती कारखान्यात वेल्डिंग करायची. भीती तिच्या गावीही नव्हती. "एवढी मोठी नौका मागे ठेवून काय लोणचं घालायचंय?" म्हणत तिने मला थेट शत्रूच्या तोफांसमोर ढकललं. मी कशीबशी वाचले. ती मात्र डाव हरली. रागाने तिने मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तिथल्या काळोखात गंज अंगाला लागत राहिला.

एकदा मामाने विचारलं, "माझी नौका कुठंय गं?" भाची ओशाळली. तिने मला पुसून त्याच्या हातात दिलं.

"अगं, ही ढाल नाही, घरटं आहे," मामा म्हणाला. "घरटं कुणी रणात नेतं का? हिला दूर ठेव. विमानं आधी टेहळणीला पाठव, मग हल्ल्याला. ती उडाली की हिची जागा बदल, कारण शत्रू त्यांचा माग काढत येतो. पण इतकीही लांब नेऊ नकोस की परतणाऱ्यांना उतरायला जागा उरणार नाही."

पुढचा डाव गिरमिटकाकाच्या दुकानात रंगला; मामाही बघायला आला होता. चहूकडे घड्याळांची टिकटिक. विमानं उडाली, भाचीने मला बाजूला सरकवलं. काकाची पाणबुडी आली ती रिकाम्या पाण्यात. "गेली कुठे ही?" काका पुटपुटला. मग त्याची नजर माझ्यावर स्थिरावली. पुढच्या चालीत पाणतीर सुटणार होता. पळावं, तर माझी विमानं समुद्रात पडणार. भाचीने पाठराखिणीला उचललं आणि माझ्या आड ठेवलं.

नको, नको, मी मनात ओरडत होते.

पाणतीर तिला लागला. माझी विमानं परतली, पुन्हा उडाली आणि त्यांनी आधी पाणबुडी, मग काकाचं तोफांचं जहाज बुडवलं. आम्ही जिंकलो.

"काका, तिला भोक नका ना पाडू. हवं तर दुसरी कुठलीही घ्या."

"नियम तुझ्या मामाचाच आहे, पोरी."

मामाने मान फिरवली. किर्र किर्र सुरू झाली. लाकडाचा भुगा पटावर पडला, थोडा माझ्या अंगावरही.

आता भाची मला रोज पुसते, मऊ कापडात ठेवते. तिने पत्र्याचा तुकडा जोडून एक नवी होडीही केली आहे, जराशी वाकडी. डाव मांडला की ती होडी माझ्या कडेला उभी राहते आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, मोठ्या नौकेला जपा, पण चाल करण्याआधी तिच्या कडेच्या लहानगीकडेही एकदा बघा. तिच्या पाठीवर विमानं नसतात, म्हणून तिला भीती वाटत नाही असं समजू नका.